ठोके आणि सेकंद : जुने संगणक-खेळ नव्या यंत्रावर भरधाव का सुटतात?



संगणकाच्या इतिहासावरील या टिपणात आपण एका लहानशा दिसणाऱ्या दोषाचा मागोवा घेणार आहोत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा एखादा खेळ घ्या आणि तो दहा-पंधरा वर्षांनंतरच्या वेगवान संगणकावर डॉसमध्ये सुरू करा. पडदा उजळतो, काहीतरी सर्रकन हलते आणि तुमचे बोट कळीवर पोहोचायच्या आत खेळ संपलेला असतो. फाइल खराब झालेली नाही, प्रोग्राममधली एकही सूचना बदललेली नाही आणि प्रोसेसर प्रत्येक सूचना अचूक पाळतो आहे. तरीही खेळ खेळण्याजोगा राहिलेला नाही.

याचे कारण प्रोग्राममध्ये शोधले तर सापडत नाही, कारण ते तिथे लिहिलेलेच नाही. खेळ किती वेगाने चालावा हे लेखकाने यंत्रावर सोपवले होते. यंत्र बदलले आणि वेग हरवला. हे कसे घडले, लोकांनी ते कसे दुरुस्त केले आणि आपल्या प्रयोगशाळांशी त्याचा काय संबंध आहे, ते क्रमाने पाहू.

१. यंत्र एकच असते तेव्हा

आजच्या चष्म्यातून पाहिले तर ही जुन्या प्रोग्रामरांची ढिलाई वाटेल. पण त्यांच्यासमोरचे यंत्र कसे होते ते आधी लक्षात घ्या.

१९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. त्यात ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी असतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटते आणि प्रत्येक वेळी त्यांतला एकच जण सरकवला जातो. ५५ जणांची संपूर्ण फौज एक पाऊल सरकायला त्यामुळे ५५ भागिले ६०, म्हणजे साधारण ०.९ सेकंद लागतो. खेळाडू जसजसे गडी टिपतो, तसतशी उरलेली फौज भराभर सरकू लागते. शेवटचा एकटा उरतो तेव्हा तो पळत सुटतो. खेळातला सगळा ताण इथून येतो. तो यंत्राच्या मर्यादेतून निघाला आणि निर्मात्याने तो राहू दिला. इथे वेग हा खेळाचा भाग आहे, वेष्टनाचा नव्हे, हे ध्यानात ठेवा.

घरगुती आणि शालेय संगणकांचेही तसेच होते. १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश यंत्र आले. त्याचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा होता. झेडएक्स स्पेक्ट्रम साडेतीन मेगाहर्ट्झवर चाले. त्याची 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही परवानाप्राप्त आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात विकली. अशा मॉडेलचे प्रत्येक यंत्र त्याच वेगाने चालत असे. त्यामुळे 'इतक्या सूचना म्हणजे इतका वेळ' हे गृहीतक चूक नव्हते. त्या यंत्रापुरते ते सत्यच होते.

२. ४.७७ हा आकडा आला कुठून?

आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या ८०८८ प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकणारा प्रोसेसर असा आडनिड्या आकड्यावर का ठेवला?

उत्तर अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीत आहे. त्या पद्धतीतला रंगाचा संकेत ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा असतो. संगणक टीव्हीला जोडता यावा म्हणून आयबीएमने त्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला आणि बाकीचे सगळे ठोके त्यातून भागाकाराने काढले. स्फटिकाला ३ ने भागले की ४.७७ मेगाहर्ट्झ मिळतात, ते प्रोसेसरला. १२ ने भागले की १.१९३१८२ मेगाहर्ट्झ मिळतात. ते ८२५३ या वेगळ्या टायमर चिपला. ही चिप ६५,५३६ पर्यंत मोजते आणि प्रत्येक फेरीअखेर प्रोसेसरला हाक मारते. भागाकार करून पाहा : सेकंदाला १८.२ हाका, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांना एक.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या डब्यात दोन घड्याळे होती. एक प्रोसेसरचे, कामाचे ठोके देणारे. दुसरे टायमरचे, वेळेचे ठोके देणारे. नंतरच्या यंत्रांत पहिले घड्याळ वाटेल तसे धावू लागले, दुसऱ्याचा १.१९३१८२ हा आकडा मात्र सुसंगतीसाठी तसाच राखला गेला. खेळाच्या लेखकाने कोणत्या घड्याळाकडे पाहिले, यावर पुढे त्या खेळाचे आयुष्य ठरले.

३. दोन पद्धती

समजा, पडद्यावरचे पात्र एक घर सरकवायचे आहे आणि मग थोडे थांबायचे आहे. पहिली पद्धत अशी : पात्र सरकव, शून्यापासून ३०,००० पर्यंत नुसते मोज, पुन्हा पात्र सरकव. ८०८८ वर 'लूप' या सूचनेच्या एका फेरीला सुमारे १७ ठोके लागतात. ३०,००० फेऱ्यांचे झाले ५,१०,००० ठोके. त्यांना ४७,७२,७२७ ने भागा. उत्तर येते ०.१०७ सेकंद. पात्र सेकंदाला नऊ पावले टाकेल. खेळायला अगदी योग्य.

आता तीच मोजणी ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर करा. एका फेरीला ३ ठोके धरले तरी एकूण वेळ ३० मायक्रोसेकंद. पात्राचा वेग साडेतीन हजारपट झाला. शिवाय हाच लूप उच्चस्तरीय भाषेत लिहून आजच्या कंपायलरला दिलात, तर 'या मोजणीचा काही उपयोग दिसत नाही' असे ठरवून तो ती सरळ काढून टाकू शकतो.

दुसरी पद्धत : पात्र सरकव, टायमरच्या पुढच्या दोन हाका होईपर्यंत वाट पाहा, पुन्हा सरकव. दोन हाका म्हणजे सुमारे ११० मिलिसेकंद. प्रोसेसर कोणताही असो. १९८४ चा 'अ‍ॅली कॅट' हा मांजराचा खेळ याचे चांगले उदाहरण आहे. त्याची आयबीएम आवृत्ती टायमर वाचून चालते, म्हणून ती पुढच्या वेगवान यंत्रांवरही मूळ गतीनेच चालली. १९९३ चा 'डूम' सेकंदाला ३५ टिचक्यांच्या ठरलेल्या तालावर चालतो. यंत्र वेगवान असले म्हणून त्यातला राक्षस जोरात धावत नाही.

हा फरक संगणकापेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक गाव आपल्या डोक्यावरच्या सूर्यावर घड्याळ लावत असे. रेल्वे आणि तारायंत्र आले तेव्हा ही स्थानिक वेळ अडचणीची ठरू लागली, म्हणून रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईकरांनी मात्र 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ही वेळ तिथे १९५५ पर्यंत टिकून होती. गावाबाहेर पडायचे नसेल तर आपला सूर्य पुरतो. गाडी पकडायची असेल तर सगळ्यांना मान्य असलेले एक घड्याळ लागते. रिकामा लूप लिहिणाऱ्या प्रोग्रामरने आपल्या गावचा सूर्य धरला होता, आणि त्याचा खेळ गावाबाहेर गेला.

४. उलट्या नावाचे बटण

१९८४ मध्ये आयबीएमचा एटी आला : ८०२८६ प्रोसेसर, ६ मेगाहर्ट्झ. आकड्यातली वाढ थोडी दिसते, पण हा प्रोसेसर एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त काम उरकत असे. १९८६ मध्ये कॉम्पॅकने १६ मेगाहर्ट्झचा ३८६ आणला, १९८९ मध्ये ४८६ आला, १९९३ मध्ये पेंटियम. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर भारतातही आयातीचे नियम सैल झाले. आयबीएमशी सुसंगत, इथेच जुळवलेली यंत्रे कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत दिसू लागली. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवून देणारे अनेक झाले.

या जुळवलेल्या यंत्रांच्या पुढच्या बाजूला 'टर्बो' नावाचे बटण असे. नावावरून वाटते की ते दाबले की वेग वाढतो. प्रत्यक्षात यंत्राचा पूर्ण वेग हीच नेहमीची स्थिती होती. बटणाची खरी गरज वेग कमी करण्यासाठी होती, जुने प्रोग्राम चालावेत म्हणून. पण 'मंद' असे नाव देऊन कोण यंत्र विकणार? शेजारी चमकणारा मेगाहर्ट्झचा आकडासुद्धा मोजलेला नसे. जुळवणारा कारागीर मागच्या जंपरांनी तो हवा तसा लावून देई.

बटणाचा उपाय थोडाच काळ पुरला. त्याला दोनच वेग माहीत होते आणि ४.७७ पासूनचे अंतर दरवर्षी वाढत होते. १९९० चा 'विंग कमांडर' पुढच्या ४८६ यंत्रांवर इतका जलद पळू लागला की विमान हाताळणे अशक्य झाले. मग 'मो-स्लो'सारखे छोटे प्रोग्राम आले. ते प्रोसेसरचा बराच वेळ मुद्दाम निरुपयोगी कामात घालवत आणि उरलेला वेळ खेळाला देत. वेग सरासरीने कमी होई, पण हालचाल कधीकधी धक्के खात होई.

५. शहाणपणाचाही पराभव

काही लेखक सावध होते. त्यांनी विचार केला : यंत्र किती वेगवान आहे ते सुरुवातीलाच मोजू आणि त्यानुसार लूप लांब-आखूड करू. बोर्लंडच्या टर्बो पास्कलमधला 'सीआरटी' हा विभाग हेच करत असे. प्रोग्राम सुरू होताच टायमरच्या एका हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, लूपच्या किती फेऱ्या होतात ते तो मोजे. त्याला ५५ ने भागले की एका मिलिसेकंदाच्या फेऱ्या मिळत.

यात चूक दिसते का? युक्ती बरोबर आहे. पण भागाकाराचे उत्तर १६ बिटांच्या जागेत ठेवले जाई आणि तिथे मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. ही संख्या गुणिले ५५ केली की ३६,०४,४२५ येतात. ज्या यंत्रावर ५५ मिलिसेकंदांत साधारण छत्तीस लाखांहून जास्त फेऱ्या होतील, तिथे उत्तर जागेत मावणार नाही. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे पेंटियम प्रो आणि पेंटियम टू आले आणि ही रेषा ओलांडली गेली. उत्तर मावले नाही की ८०८६ कुळातला प्रोसेसर जो इशारा देतो, तोच शून्याने भागल्यावरही देतो. त्यामुळे पडद्यावर 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार, असा संदेश येई आणि प्रोग्राम सुरू होण्याआधीच बंद पडे. शून्य कुठेच नव्हते. जास्त वेगाला प्रोग्राम शून्य समजत होता.

याचा फटका केवळ खेळांना बसला नाही. ही मोजणी सुरुवातीलाच होत असल्याने, ज्यांनी कधी थांबण्याची सूचना वापरलीही नव्हती असे हिशेबाचे, साठ्याचे आणि नोंदींचे प्रोग्रामही कोलमडले. मोठ्या सॉफ्टवेअरलाही हे चुकले नाही. एएमडीचा के६-२ प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झला पोहोचला तेव्हा विंडोज ९५ सुरू होतानाच बंद पडू लागले, कारण तिथेही अशीच वेळ मोजणारी पळवाट होती. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती द्यावी लागली.

टर्बो पास्कलच्या प्रोग्रामांवरचा उपाय हा दुरुस्तीकलेचा चांगला नमुना आहे. मूळ स्रोत अनेकदा उपलब्ध नसे. तेव्हा लोकांनी तयार फाइलमधले भागाकाराचे नेमके बाइट शोधले आणि तेवढेच बदलले : उत्तर मावणार नसेल तर मावणारी कमाल संख्या धरा आणि पुढे चला. काही बाइटांच्या ठिगळाने शेकडो प्रोग्राम पुन्हा उभे राहिले.

६. यंत्राऐवजी यंत्राचे सोंग

ठिगळ एका प्रोग्रामला लागते. सगळ्यांसाठी उपाय हवा असेल तर जुने यंत्रच परत आणावे लागते. ते दोन रीतींनी आणता येते.

एक म्हणजे खेळ नव्याने लिहिणे. कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरचा 'डिगर' हा १९८३ चा खेळ नव्या यंत्रांवर चालेनासा झाला होता. अँड्र्यू जेनर यांनी मूळ प्रोग्राम उलगडून १९९८ मध्ये 'डिगर रीमास्टर्ड' ही आवृत्ती दिली. यात एका खेळासाठी एका माणसाचे प्रचंड श्रम लागतात.

दुसरी रीत एम्युलेटरची. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स प्रोसेसर, टायमर, ध्वनी आणि पडदा या सगळ्यांचे सोंग सॉफ्टवेअरमध्ये घेतो. त्यात 'सायकल्स' नावाचा एक आकडा असतो : दर मिलिसेकंदाला किती सूचना चालवायच्या. साध्या डॉस प्रोग्रामांसाठी तो सुरुवातीला ३,००० असतो. कंट्रोल आणि एफ११ दाबले की कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ दाबले की वाढतो. मूळ आयबीएम संगणक सेकंदाला साधारण तीन लाख सूचना चालवत असे, म्हणून १९८१ च्या काळातल्या खेळांसाठी हा आकडा ३०० च्या आसपास आणावा लागतो. टर्बो बटणाला दोन वेग होते; इथे हवा तो वेग ठरवता येतो.

७. आपल्या प्रयोगशाळेत

हा सारा परक्यांचा इतिहास वाटत असेल, तर महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळा आठवा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या सी भाषा शिकल्या. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतले प्रोग्राम डॉसवरच्या टर्बो सी साठी होते. संगणक-चित्रणाच्या प्रात्यक्षिकात चालती मोटार, उसळता चेंडू, फिरते पंख हे ठरलेले; आणि दोन चित्रांमध्ये थांबण्यासाठी कितीतरी जर्नलांत तोच तो रिकामा लूप.

६४ बिटी विंडोज आल्यावर १६ बिटी डॉस प्रोग्राम चालणे बंद झाले. अभ्यासक्रम मात्र लगेच बदलला नाही. मग टर्बो सी डॉसबॉक्सच्या पोटात बसवलेले तयार संच महाविद्यालयांतून फिरू लागले. खेळ वाचवण्यासाठी बनवलेल्या साधनावर आपल्याकडे परीक्षा झाल्या. एका संगणकावर चेंडू संथ उसळतो, शेजारच्यावर दिसतही नाही, आणि प्रोग्राम दोन्हीकडे एकच. तुमच्यापैकी अनेकांनी हे पाहिले असेल. चुकीचा प्रोग्राम म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवण्याआधी सायकल्सचा आकडा पाहायला हवा.

८. काय जपायचे?

चेन्नईच्या पेरुंगुडीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळजवळ दिसतात. जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती आहेत. महाराष्ट्रातून आलेली कितीतरी मुले तिथे दुसऱ्यांनी पूर्वी लिहिलेला प्रोग्राम चालू ठेवण्याचे काम करतात. जवळच, पळ्ळीकरणैच्या पाणथळीला लागून, शहराच्या दोन मोठ्या कचराडेपोंपैकी एक आहे. भारतात ई-कचऱ्याचे नियम लागू झाले ते मे २०१२ मध्ये. तोवर ४.७७ आणि ८ मेगाहर्ट्झची बहुतेक यंत्रे देशभर भंगारात गेली होती. ज्या यंत्रावर खेळाचा वेग 'बरोबर' होता ते यंत्रच गेले, तर बरोबर म्हणजे किती हे ठरवायचे कशावरून?

म्हणून जुने सॉफ्टवेअर जपताना नुसती फाइल जपून भागत नाही. ते कोणत्या यंत्रावर, किती मेगाहर्ट्झवर, कोणत्या पडद्यावर चालत असे, हेही नोंदवावे लागते. ही नोंद नसेल तर एम्युलेटरमध्ये आकडा किती ठेवायचा हे ज्याने तो खेळ खेळला आहे त्याच्या आठवणीवर ठरते, आणि आठवणींनाही वय असते.

दोष जुना झाला असेही समजू नका. २०१४ च्या 'डार्क सोल्स २' या खेळाच्या संगणक-आवृत्तीत सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रे उमटू लागली की शस्त्रे दुप्पट वेगाने झिजत, कारण झीज चित्रांच्या हिशेबाने होत होती. आजचे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी स्वतःचा वेग क्षणाक्षणाला बदलतात. त्यामुळे आता 'आपले यंत्र' असे एकच घड्याळसुद्धा राहिलेले नाही. वेळ हवी असेल तर घड्याळाला विचारा. किती काम झाले यावरून ती ओळखू नका. आणि एखादे गृहीतक आज, या यंत्रावर खरे असेल, तर ते प्रोग्राममध्ये शब्दांत लिहून ठेवा. पुढे ते वाचणारा माणूस तुमच्या यंत्रासमोर बसलेला नसेल.

करून पाहा

१. रिकाम्या लूपने थांबणारा उसळत्या चेंडूचा प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालवा. सायकल्सचा आकडा ३००, ३,००० आणि ३०,००० ठेवून चेंडूला एक उसळी पूर्ण करायला लागणारा वेळ हातातल्या घड्याळाने मोजा.

२. तोच प्रोग्राम टायमरच्या हाका मोजून थांबेल असा बदला. तिन्ही वेळा उत्तर तेच येते का? ३०० वर काही वेगळे दिसले तर कारण शोधा.

३. 'रनटाइम एरर २००'च्या गणितात उत्तराची जागा १६ ऐवजी ३२ बिटांची असती, तर प्रोग्राम यंत्राच्या किती वेगापर्यंत टिकला असता? तुमचे गृहीतक आधी लिहा, मग हिशेब करा.